१६१६ : रोममध्ये बंदी, राचोलमध्ये पुराण

१/ इ. स. १६१६. एकाच वर्षी, एकाच धर्मसंस्थेच्या छत्राखाली, दोन ग्रंथांचे भवितव्य ठरले. ५ मार्च रोजी रोममध्ये कोपर्निकसच्या खगोलग्रंथावर, तो 'दुरुस्त' होईपर्यंत, बंदी घालण्यात आली. त्याच वर्षी गोव्यातील साष्टी प्रांतात, राचोल येथे, फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' छापून निघाले. पहिल्या घटनेवर ग्रंथालये भरतील इतके लिहिले गेले आहे. दुसरी घटना मराठी वाङ्मयाच्या इतिहासात बहुधा एका परिच्छेदात आटोपते. या दोन्ही घटना शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात, असे माझे मत आहे. आजचा दीर्घ धागा त्यासाठीच.

२/ मित्रहो, 'गॅलिलिओ' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एकच चित्र येते : एका बाजूस दुर्बीण, दुसऱ्या बाजूस बायबल, आणि मध्ये कारागृह. हे चित्र सोयीचे आहे, पण अपुरे आहे. माझा दावा असा की १६१६ चा वाद दुर्बीण विरुद्ध धर्मग्रंथ असा नव्हताच. तो वाद होता ग्रंथ कसा वाचावा आणि तो वाचण्याचा अधिकार कोणाचा, या दोन प्रश्नांचा. हे दोन प्रश्न वेगळे आहेत. त्यांची गल्लत झाली की काय होते, हे त्या वर्षाने दाखवून दिले.

३/ प्रथम रोम. कोपर्निकस हा कोणी नास्तिक नव्हता. तो पोलंडमधील फ्रॉमबोर्क येथील कॅथेड्रलचा पदाधिकारी होता, आणि १५४३ साली प्रसिद्ध झालेला आपला ग्रंथ त्याने पोप तिसरे पॉल यांनाच अर्पण केला होता. त्यानंतर तब्बल ७३ वर्षे रोमने त्यावर बंदी घातली नाही. मग अडचण कोठे आली? बायबलमधील यहोशवाच्या पुस्तकात, दहाव्या अध्यायात, युद्ध संपेपर्यंत सूर्य आकाशात थांबला असा प्रसंग आहे. जो थांबतो तो आधी चालत असला पाहिजे. आणि पृथ्वीच फिरत असेल, तर या वाक्याचा अर्थ काय लावावयाचा?

४/ या प्रश्नाचे उत्तर कॅथलिक परंपरेकडे बाराशे वर्षांपूर्वीच तयार होते. संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकाच्या आरंभी उत्पत्तीच्या पुस्तकावर मोठे भाष्य लिहिले. सृष्टी सहा दिवसांत निर्माण झाली, यातील 'दिवस' हे आपले चोवीस तासांचे दिवस आहेत, असे त्यांनी मानले नाही. त्यांनी एक सक्त ताकीदही दिली. आकाश, तारे, ग्रहणे, ऋतू यांविषयी जे ज्ञान अन्यधर्मीय लोकही अनुभवाने आणि तर्काने निश्चित जाणतात, त्याविषयी एखादा ख्रिस्ती मनुष्य ग्रंथाचा हवाला देऊन अज्ञान पाजळू लागला, तर लोक त्या माणसालाच हसणार नाहीत, ग्रंथालाही हसतील. पुढे त्याच ग्रंथातील मोक्षाच्या गोष्टींवर त्यांनी विश्वास का ठेवावा?

५/ हा नियम रोममधील धुरिणांना ठाऊक नव्हता, असे नाही. कार्डिनल रॉबर्ट बेलार्मिन हे येशू संघाचे, म्हणजे जेझुइट, आणि त्या काळचे श्रेष्ठ धर्मपंडित. १२ एप्रिल १६१५ रोजी फोस्कारिनी नामक धर्मगुरूस लिहिलेल्या पत्रात त्यांनी मान्य केले की पृथ्वी फिरते हे खरोखर सिद्ध झाले, तर बायबलमधील त्या वचनांचा अर्थ अत्यंत सावधपणे नव्याने लावावा लागेल. सिद्ध झालेले खोटे म्हणण्यापेक्षा आम्हांस त्या वचनांचा अर्थच कळला नव्हता, असे म्हणणे बरे. मात्र अशी सिद्धता अस्तित्वात आहे, यावर त्यांचा विश्वास नव्हता.

६/ त्याच वर्षी गॅलिलिओने ग्रँड डचेस क्रिस्टिना यांना उद्देशून आपले प्रसिद्ध पत्र लिहिले. त्यातही आधार ऑगस्टीनचाच! धर्मग्रंथ स्वर्गास कसे जावे हे शिकवतो, आकाश कसे चालते हे नव्हे, अशा आशयाची एका कार्डिनलची उक्ती त्याने त्यात नमूद केली. म्हणजे पाहा, वादी आणि प्रतिवादी दोघेही एकाच नियमाचा हवाला देत होते. निर्विवाद पुरावा गॅलिलिओपाशीही नव्हता. भरती-ओहोटीवरून त्याने मांडलेली सिद्धता पुढे चुकीची ठरली, आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे ताऱ्याच्या स्थानात दिसणारा सूक्ष्म फरक बेसेलने मोजला तो थेट १८३८ मध्ये.

७/ मग गाडे अडले कोठे? १५४६ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ठरविले होते की श्रद्धा आणि नीती यांच्या बाबतीत ग्रंथाचा अर्थ लावण्याचा अधिकार धर्मसंस्थेचा. प्राचीन आचार्यांच्या एकमताविरुद्ध कोणी अर्थ लावू नये. गॅलिलिओचे म्हणणे : पृथ्वीचे भ्रमण हा श्रद्धेचा विषयच नव्हे. बेलार्मिन यांचे उत्तर : विषयाच्या दृष्टीने नसेल, पण सांगणारा कोण आहे या दृष्टीने तो श्रद्धेचाच विषय आहे. माझ्या मते सगळ्या प्रकरणाचे मर्म या उत्तरात आहे. ग्रंथातील प्रत्येक वाक्य जर सांगणाऱ्याच्या थोरवीमुळे समान वजनाचे ठरत असेल, तर ग्रंथात उपमा, काव्य, लोकरूढ बोलणे यांना जागाच उरत नाही. ऑगस्टीनचा नियम पुस्तकात राहिला, निकाल अधिकाराने दिला.

८/ परिणाम आपण जाणतोच. फोस्कारिनीचे पुस्तक सर्वस्वी निषिद्ध झाले. २२ जून १६३३ रोजी एकोणसत्तर वर्षांच्या गॅलिलिओस गुडघे टेकून आपले मत सोडावे लागले, आणि १६४२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो नजरकैदेत राहिला.

९/ आता त्याच येशू संघाचा दुसरा सदस्य पाहू. थॉमस स्टीफन्स हे मूळचे इंग्लंडचे. ४ एप्रिल १५७९ रोजी त्यांनी लिस्बन सोडले आणि २४ ऑक्टोबरला ते गोव्यास पोहोचले. प्रवासाचे वर्णन करणारे त्यांचे वडिलांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे, आणि ते कोणत्याही विज्ञानप्रेमीने वाचावे असे आहे. पूर्व-पश्चिम प्रवासात दिशा राखणे कठीण का, तर आकाशात त्यासाठी कोणताही स्थिर बिंदू नाही, हे त्यांनी नोंदविले आहे. होकायंत्राची सुई ठिकाणानुसार कशी ढळते, याकडेही त्यांचे लक्ष होते. १५८३ मध्ये भावास लिहिताना येथील भाषांची घडण ग्रीक-लॅटिनशी मिळतीजुळती असल्याचे त्यांनी सांगितले. विल्यम जोन्स यांचे सुप्रसिद्ध व्याख्यान त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी झाले.

१०/ अशा या डोळस माणसाने साष्टीत आयुष्य घालवून मराठीत ग्रंथ रचला. त्यात एकूण १०,९६२ ओव्या आहेत. 'पहिले पुराण' बायबलच्या जुन्या कराराचे, ३६ अवस्वरांचे. 'दुसरे पुराण' ख्रिस्तचरित्राचे, ५९ अवस्वरांचे. अवस्वर म्हणजे अध्याय. छपाई रोमन लिपीत झाली. १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या. त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांतून, आणि १९०७ साली मंगळूर येथे तो पुन्हा छापला गेला.

११/ स्टीफन्स यांनी केले ते निव्वळ भाषांतर नव्हते. हिब्रू उत्पत्तिकथेस त्यांनी ओवीचा छंद दिला, गुरू-श्रोता संवादाची चौकट दिली आणि 'पुराण' हे नाव दिले. स्वर्गासाठी वैकुंठ हा शब्द त्यांना वर्ज्य वाटला नाही. येथे थांबून विचार करा. हे पुस्तक कोणत्या जातीचे आहे, असा प्रश्न स्टीफन्स यांना पडला असणारच. आणि त्याचे उत्तर म्हणून मराठी श्रोत्यास परिचित असलेला वाङ्मयप्रकार त्यांनी निवडला. शब्द बदलले, रूप बदलले, आशय राखला. अर्थ हा अक्षरांना खिळलेला नसतो, या विश्वासावाचून असे धाडस होत नाही. धर्मसत्तेच्या परवानगीवाचून त्या काळी असे पुस्तक निघणे शक्य नव्हते. ते तीनदा निघाले.

१२/ तथापि, येथे भाबडेपणाने टाळ्या वाजवू नयेत. १५६७ मध्ये याच साष्टीतील देवळे पाडली गेली होती. स्टीफन्स यांचा श्रोतृवर्ग ज्या पुराणांना मुकला होता, त्यांच्याच रिकाम्या जागी हे पुराण आले. गोव्यात १५६० पासून धर्मन्यायालय होते. १५६३ साली गोव्यातच छापलेल्या ग्रंथात भारतीय औषधींचे प्रत्यक्ष निरीक्षणावर आधारलेले वर्णन करणारा वैद्य गार्सिया द ओर्ता १५६८ मध्ये वारला. मृत्यूनंतर त्यास गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याबद्दल दोषी ठरवून १५८० मध्ये त्याचे अवशेष उकरून जाळण्यात आले. आणि १६८४ मध्ये तर व्हाइसरॉयने स्थानिक भाषा मोडून पोर्तुगीज रूढ करण्याचा हुकूम काढला.

१३/ मग एकाच संस्थेने स्टीफन्स यांना मुभा दिली आणि गॅलिलिओस का नाही? माझे उत्तर स्पष्ट आहे. स्टीफन्स यांच्या नव्या मांडणीमुळे धर्मसंस्थेचा अधिकार नव्या प्रदेशात पसरत होता. गॅलिलिओच्या नव्या वाचनामुळे तो अधिकार, निसर्गाच्या बाबतीत, संस्थेच्या हातून गणित्याच्या हाती जात होता. शिवाय स्टीफन्स धर्मगुरू, गॅलिलिओ गृहस्थ. लवचीकता दोन्हीकडे सारखीच मागितली गेली होती. ज्या ठिकाणी ती सत्तेच्या कामी आली तेथे मिळाली. ज्या ठिकाणी सत्तेला अडचणीची होती तेथे 'श्रद्धा धोक्यात' आली. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ही खूण लक्षात ठेवावी, कारण ती कोणत्याही एका धर्माची मिरासदारी नाही.

१४/ याच काळात आपल्या मराठवाड्यात काय चालले होते, हेही पाहण्याजोगे आहे. शके १५०६, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. लेखनिकांच्या चुका आणि कोणीकोणी घुसडलेल्या ओव्या दूर केल्या. श्रद्धेय ग्रंथासही प्रतींचा इतिहास असतो, तो तपासणे ही भक्तीच आहे, हे त्यांना उमगले होते. कॅथलिक अभ्यासकांना मूळ भाषा, हस्तलिखिते आणि प्राचीन वाङ्मयप्रकार यांच्या आधारे बायबल अभ्यासण्याची निःसंदिग्ध प्रेरणा पोप बारावे पायस यांच्या परिपत्रकाने दिली ती १९४३ मध्ये.

१५/ दुरुस्तीचा तो प्रवास विलक्षण संथ होता. सूर्यकेंद्री ग्रंथांवरील सरसकट बंदी १७५८ च्या निषिद्ध ग्रंथसूचीतून गळली. अशा पुस्तकांच्या छपाईस रोमने १८२२ मध्ये मोकळीक दिली. कोपर्निकस आणि गॅलिलिओ यांची नावे १८३५ च्या सूचीत उरली नाहीत. १८९३ मध्ये तेरावे लिओ यांनी ऑगस्टीनचा हवाला देत सांगितले की पवित्र लेखकांचा हेतू सृष्टीची अंतर्रचना शिकविण्याचा नव्हता. डोळ्यांना जसे दिसते तसे ते बोलले. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ग्रंथाचा अर्थ लावताना लेखकाचा हेतू आणि वाङ्मयप्रकार पाहावा, असे अधिकृत दस्तऐवजात घातले. आणि ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी गॅलिलिओच्या न्यायाधीशांची चूक जाहीरपणे मान्य केली. १६१६ पासून मोजल्यास ३७६ वर्षे!

१६/ उत्क्रांतीच्या बाबतीत मात्र रोम शहाणे झाले होते. डार्विनचा ग्रंथ निषिद्ध सूचीत कधीच गेला नाही. १९५० मध्ये मानवी शरीराच्या उत्क्रांतीची चर्चा संशोधनास मोकळी ठेवण्यात आली, आणि १९९६ मध्ये जॉन पॉल यांनी उत्क्रांतिवाद हा आता निव्वळ तर्क राहिलेला नाही, असे म्हटले. विश्व प्रसरण पावत आहे हे १९२७ मध्ये मांडणारा जॉर्ज लमेत्र हा बेल्जियन कॅथलिक धर्मगुरूच होता. १९५१ मध्ये पोप पायस यांनी त्या सिद्धान्तात ईश्वरी निर्मितीचा पुरावा सूचित केला, तेव्हा अस्वस्थ झाला तो स्वतः लमेत्र. विज्ञानाच्या खांद्यावर श्रद्धेने बसू नये. उद्या सिद्धान्त बदलला तर श्रद्धाही पडेल, हे त्याने ओळखले होते.

१७/ हीच वृत्ती मुंबईतही नांदली. सेंट झेवियर महाविद्यालयात स्विस जेझुइट एथेलबर्ट ब्लॅटर यांनी १९०६ मध्ये सुरू केलेला वनस्पतिसंग्रह आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. स्पेनमधून आलेले जेझुइट हर्मेनेगिल्ड सांतापाव यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे प्रमुख झाले आणि १९६७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. फुलाच्या पाकळ्या मोजताना त्यांना उत्पत्तीचे पुस्तक उघडावे लागले नाही, आणि प्रार्थना करताना सूक्ष्मदर्शक बाजूस फेकावा लागला नाही.

१८/ एक आक्षेप तुमच्या मनात आलाच असेल : हे 'नवे अर्थ लावणे' म्हणजे विज्ञान पुढे सरकले की मागे हटणे नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे. गॅलिलिओच्या बाबतीत तो लागूही पडतो. परंतु ऑगस्टीन यांनी 'दिवस' शब्दशः घेतला नाही, तेव्हा त्यांच्यावर भूगर्भशास्त्राचे कोणतेही दडपण नव्हते. दडपण होते ते मजकुराचेच : सूर्य जर चौथ्या दिवशी निर्माण झाला, तर पहिले तीन दिवस कसले? लक्षपूर्वक वाचणाऱ्यास ग्रंथ स्वतःच सांगतो की मला कोणत्या प्रकारे वाचू नये.

१९/ दुसरी मर्यादाही सांगितली पाहिजे. कॅथलिक भूमिका सगळेच प्रतीक मानत नाही. ख्रिस्ताचे पुनरुत्थान ती घडलेली घटना मानते. शरीर उत्क्रांत झाले असेल, पण आत्मा ईश्वरनिर्मितच, असे १९५० च्या परिपत्रकातही बजावले आहे. कोणते वाक्य घटना आणि कोणते रूपक, ही रेषा अखेर संस्थाच आखते. ती कोणत्या आधारावर, हा प्रश्न विचारणे अविश्वासूचा नव्हे, वाचकाचा हक्क आहे.

२०/ हे सारे आम्ही हिंगोली जिल्ह्यातील साखऱ्यासारख्या गावात बसून कशासाठी वाचावे? कारण आमच्यापासून फारसे दूर नसलेले लोणार. तेथील दैत्यसूदनाचे मंदिर आणि लवणासुराच्या वधाची कथा सर्वांना ठाऊक आहे. तेच सरोवर म्हणजे बेसाल्टच्या कातळावर उल्का आदळून झालेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर आहे. त्याच्या वयाचे अंदाज सुमारे ५० हजार वर्षांपासून ५ लाख ७० हजार वर्षांपर्यंत आहेत. कथा ऐकणाऱ्याने खडकाचा पुरावा नाकारण्याचे कारण नाही. खडक तपासणाऱ्याने कथेस 'थाप' म्हणण्याचेही नाही. मात्र असुर म्हणजेच उल्का, आमच्या पूर्वजांस सगळे ठाऊक होते, असे म्हणणारा दोघांचाही अपमान करतो. तो कथा नीट ऐकत नाही आणि खडकही नीट पाहत नाही.

२१/ हा प्रश्न जुना झालेला नाही. २०२३ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला. कारण अभ्यासाचा भार कमी करण्याचे सांगितले गेले. अनेक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी जाहीर पत्राने विरोध केला. हेतू काहीही असो, परिणाम एकच : दहावीनंतर जीवशास्त्र सोडणाऱ्या मुलास आपण कोठून आलो, याचे शास्त्रीय उत्तर शाळेत भेटणारच नाही. रोमला १६१६ ची किंमत शतकानुशतके मोजावी लागली. तो अनुभव आपण फुकटात घेऊ शकतो.

२२/ क्रिस्तपुराणाची परंपरा मात्र खंडित झाली नाही. वसईचे कॅथलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' मराठीत आणले, आणि जानेवारी २०२० मध्ये आपल्या मराठवाड्यातच, उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. सुबोध या शब्दाकडे लक्ष द्या. ग्रंथ वाचकास कळावा, ही अपेक्षा त्या नावातच आहे; आणि जो ग्रंथ कळतो त्याविषयी प्रश्नही विचारता येतात.

२३/ तात्पर्य सांगतो. धर्मग्रंथास दुर्बिणीपासून भय नाही. त्यास भय आहे ते हाती काव्य आहे की कायदा, कथा आहे की कालगणना, हे न ओळखणाऱ्या वाचकाचे. आणि ते ओळखू न देणाऱ्या अधिकाऱ्याचे. म्हणून यापुढे कोणी एखादे जुने वचन तुमच्यापुढे 'विज्ञान' म्हणून ठेवील, किंवा 'थोतांड' म्हणून फेकून देईल, तेव्हा दोघांनाही तीन प्रश्न विचारा. हे कोणी लिहिले? कोणासाठी लिहिले? आणि कोणत्या प्रकारचे लेखन म्हणून लिहिले? उत्तर देण्याऐवजी समोरचा चिडला, तर वाद ग्रंथाचा नसून अधिकाराचा आहे, असे खुशाल समजा.

धागा येथे संपला. मतभेद असल्यास अवश्य मांडा, फक्त पुराव्यासह.